तायकडे नेलेल्या तीन गोणी

रोग पायांनी चालत येतो, असं आम्हाला मुरबाडच्या शिबिरात शिकवलं होतं. माझ्या बाबतीत तो भाजीच्या टेम्पोत बसून गेला आणि टेम्पोवाल्याला भाडं मीच दिलं. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं, आणि तिनं ते खरं मानलं नाही. ती माझी थोरली बहीण. ताय जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून लिहिते. लिहून काही भरून येत नाही हे मलाही कळतं, ते मला कोणी शिकवायला येऊ नये.

तायचं सासर सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात. माझं धसईच्या अलीकडे. दोघींच्या मध्ये एक एसटी आणि पुढे तासाभराची पायवाट. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली आणि मेहुणे काविळीनं गेले. मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे अशा बाईपुढे दोनच दारं असतात, माहेरचं आणि दिराचं. तायनं तिसरंच काढलं. तिचा धाकटा दीर तसा भला माणूस. तेरावा झाल्यावर त्यानं स्वतःहून सांगितलं, "वयनी, आता आमच्यातच जेवा." तायनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाऊजी, वाट्याचं भात तेवढं देत जा. चूल माजी वेगळी राहील."

घराच्या एका अंगाला पडवी होती. तिथं तिनं कुडाची भिंत घालून घेतली आणि स्वतःच्या हातानं मातीची चूल घातली. गावातल्या बायका म्हणाल्या, चार दिवसांची हौस आहे. जाऊ म्हणाली, बघू किती दिवस पेटते. ती पेटली, चांगली पाच वर्षं पेटली, आणि ती कशावर पेटली तर तायच्या गावठी कोंबड्यांवर. भात दीर द्यायचा. मीठ, मिरची, रॉकेल, साबण, अंगावरचं लुगडं, आजारपणातली गोळी, हे सगळं अंड्यांतून आणि सणाला विकलेल्या कोंबड्यांतून यायचं. मी एकदा तिला विचारलं होतं, एवढा हट्ट कशाला? दोन घास दिराकडे खाल्ले तर काय बिघडलं? ती म्हणाली, "दोन घासाचं नाय गो. आज काय शिजवायचं ते दुसऱ्याला विचारावं लागतं, त्याचं दुःख हाय." तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. माझ्या घरात माझी सासू विचारत नसे आणि मीही तिला विचारत नसे, आमचं भांडूनच ठरायचं.

त्याच सुमारास आमच्या ह्यांना कारखान्यात पाळीची नोकरी लागली आणि घरामागच्या खाचराच्या बांधाला आम्ही ब्रॉयलरची शेड उभी केली. पाचशे पिल्लांची. ह्यांची पाळी बदलती, म्हणून शेड माझ्या अंगावर. मुरबाडला बायकांसाठी कोंबडीपालनाचं शिबिर होतं, त्यात मी गेले. शिकवायला गुरांचे एक निवृत्त डॉक्टर होते, आवाज असा की झोपलेली कोंबडी उठावी. खाद्य कोरडं ठेवा, पाणी ताजं ठेवा, खाली अंथरलेलं तूस ओलं होऊ देऊ नका, हवा खेळती ठेवा. आणि एकाच्या शेडमधलं दुसऱ्याच्या शेडमध्ये काही नेऊ नका. पाय नको, भांडं नको, गोणी नको, झाडू नको. हे ते दर दिवशी सांगायचे आणि आमच्याकडून म्हणून घ्यायचे. मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची.

घरी येऊन मी त्या शेडची सासू झाले. दारात चुन्याचं घमेलं ठेवलं, त्यात पाय टाकल्याशिवाय कोणाला आत घेत नसे. खुद्द सासूबाईंनाही नाही. त्या म्हणायच्या, "देवळात जाताना एवढं नाय करीत आमी." गावातल्या बायकांनी तर नावच ठेवलं, हिच्या कोंबड्या सोवळ्यातल्या. हसू देत म्हटलं. रोज सकाळी भाताचं तूस खालीवर करायची, पाण्याची भांडी घासायची, पिल्लांना पहिल्या आठवड्यात बल्बखाली ठेवून रात्री दोनदा उठून बघायची. माझ्या शेडमध्ये मर कमी व्हायची आणि कोंबड्यांचं वजन चांगलं यायचं. व्यापारी कौतुक करायचा. कौतुकानं माणूस शेफारतो, मीही शेफारले.

ताय पहिल्यांदा शेड बघायला आली तेव्हा चुन्यात पाय टाकून, पदर नाकाला लावून, दोन मिनिटं उभी राहिली. बाहेर येऊन म्हणाली, "तुज्या कोंबड्या जेलात हायेत गो."

मला आला राग. म्हटलं, "आणि तुज्या? तुज्या घारीच्या तोंडात हायेत. दहा पिल्लं निघतात आणि दोन मोठी व्हतात."

"देवाच्या मनात असतात तेवढी व्हतात."

"देव काय पानी बदलायला येतो काय तुज्या खुराड्यात?"

ती हसली. तायचं असं होतं, मी तापले की ती हसायची. पण मी सोडते थोडीच. पुढच्याच आठवड्यात तिच्या गावी गेले आणि तिच्या कोंबड्यांचा संसार हाती घेतला. तिच्या अंड्यांचं कवच इतकं पातळ असायचं की बाजारात नेईपर्यंत चारदोन फुटायचीच. मी धसईच्या बाजारातून शिंपल्यांचा चुरा नेऊन दिला, कण्यांत कालवून घाल म्हटलं. खुराड्याची जमीन चार बोटं उंच करून घेतली, वर राख पसरली म्हणजे उवा धरत नाहीत. पाण्याची परळ रोज घासायची. लहान पिल्लं पंधरा दिवस डालग्याखाली ठेवायची, घारीला दाखवायची नाहीत. तिची एक रीत मात्र मी तिच्याकडून शिकले. जुन्या मडक्यात शेण आणि भाताचा पेंढा ओला करून भरायचा आणि मडकं जमिनीवर पालथं घालायचं. दुसऱ्या दिवशी आत वाळवी भरलेली असायची. मडकं उचललं की पिल्लं त्यावर तुटून पडायची. असलं फुकटचं सकस खाद्य आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

वर्षभरात तायच्या दारात फरक दिसायला लागला. पिल्लं जगायला लागली. अंडी फुटायची थांबली. तिच्या कोंबड्या आठांच्या बावीस झाल्या आणि कुडाला आतून शेणमातीचा नवा गिलावा आला. एकदा मी गेले तेव्हा तिनं मला विचारलंसुद्धा नाही, सरळ कोंबडी कापली, तिच्या मनाला आलं म्हणून. जेवताना म्हणाली, "तू सांगितलंस म्हनून झालं." त्यानंतर मी जे सांगेन ते ती करायची. मीठ किती, पाणी कधी, खुडूक कोंबडीला कुठं बसवायचं. माझ्या शब्दाबाहेर जायची नाही. हीच गोष्ट मला पुढे छळत राहिली. तिनं थोडा तरी हट्ट माझ्याशी करायला हवा होता.

तिच्याकडे एक तांबडा कोंबडा होता. उंच, भारी पायांचा, मानेवर सोन्यासारखी पिसं. तो तिनं गावदेवीला बोलला होता, चैत्रात द्यायचा. मी म्हटलं, "येडी काय? ह्याची पैदास बघ कशी हाय. ह्याला आनखी एक वरीस ठेव. देवीला कोंबडा पायजे ना, तो पांढऱ्या ठिपक्यांचा दे."

"बोललेली हाय गो."

"देवी काय रंग बघून घेते?"

तायनं पांढऱ्या ठिपक्यांचा दिला. देताना तिचा हात अडखळला, असं ती मला नंतर म्हणाली. मी मात्र बी सांभाळलं म्हणून खूश होते.

त्याच उन्हाळ्यात माझ्या शेडमध्ये मानमोडी आली, कोंबड्यांचा साथीचा रोग. आली म्हणजे मीच येऊ दिली. तिची लस बर्फात ठेवून आणावी लागते. मी मुरबाडहून थर्मासमध्ये आणत होते आणि एसटी वाटेत बंद पडली. ऐन उन्हाचे अडीच तास आम्ही रस्त्याच्या कडेला बसून होतो. घरी येऊन थर्मास उघडला तर बर्फाचं पाणी, तेही कोमट. ती लस टाकून द्यायला हवी होती. पण परत मुरबाड, परत अख्खा दिवस, आणि ह्यांची दुपारची पाळी. मी दुधाच्या पावडरीच्या पाण्यात कालवून ती पिल्लांना पाजली आणि मनाला सांगितलं, काही नाही तर थोडी तरी लागू पडेल. शिकवलेलं सगळं पाठ होतं बरं का. पाठ असणं आणि तसं वागणं यांत किती अंतर असतं ते मला विचारा.

पाचव्या आठवड्यात कोंबड्या शिंकायला लागल्या, हिरवं हगायला लागल्या. मग एकेकीची मान पाठीवर वळायला लागली. पन्नासेक मेल्या. उरलेल्या व्यापारी लवकर उचलून घेऊन गेला. मी तूस जाळलं, जमीन खरवडली, दोनदा चुना मारला आणि शेड महिनाभर बंद ठेवली. सगळं शिस्तीत केलं. फक्त कोपऱ्यात तीन गोणी उरल्या, अर्ध्या-पाऊण भरलेल्या, शेवटच्या आठवड्यातल्या खाद्याच्या. मका, सोयाबीन, सगळा कस त्यात. डॉक्टरांचं म्हणणं होतं, अशी लागण झाली की उघडं खाद्य खड्डा करून पुरायचं, नाही तर जाळायचं.

अन्न जाळायचं? जेवताना शीत खाली सांडलं तर ते उचलून कपाळाला लावणाऱ्या घरातली मी. मका घातलेलं खाद्य, ते जाळायला माझा हात होईना. मी स्वतःशीच हुशारी केली. म्हटलं, रोग कोंबडीला होतो, मक्याला कुठं होतो? अंगणात दोन जुनी लुगडी अंथरली, तिन्ही गोणी त्यावर ओतल्या, चाळणीनं चाळल्या, पीस दिसलं ते वेचून काढलं आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवलं. हातानं सारखी खालीवर करत होते. सासूबाई म्हणाल्या, पापड घातलेत जणू. आणि वाळलेलं ते खाद्य मी परत त्याच गोणींत भरलं. आठवडाभर त्या तुसावर टेकून ठेवलेल्या, खालून विष्ठा लागलेल्या, त्याच गोणींत. झटकल्या होत्या मी, दोनदा झटकल्या होत्या.

शेड बंद, म्हणून माझ्या कोंबड्या तर नव्हत्याच. ज्यांच्याकडे होत्या त्यांत माझ्या सर्वांत जवळची ताय. भाजीचा टेम्पो तिच्या गावच्या फाट्यापर्यंत जायचा, त्यात मी गोणींसह बसले. पुढच्या पायवाटेनं तायच्या दिरानं आणि गावच्या दोन पोरांनी गोणी डोक्यावरून नेल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. मला ती म्हण ऐकवत नाही.

तायला काय आनंद झाला. एवढं खाद्य तिनं एका वेळी कधी बघितलंच नव्हतं. मूठभर हातात घेऊन वास घेतला, म्हणाली, "मानसानं खावं असं हाय." तिच्या कोंबड्या ते बघून पायांत यायला लागल्या. तिनं ते डब्यांत आणि मडक्यांत काढून घेतलं आणि गोणी उसवून धुतल्याशिवायच कामाला लावल्या. एक खुराड्याच्या तोंडाला वारा लागू नये म्हणून बांधली. दोन फाडून अंड्यांवर बसलेल्या कोंबड्यांच्या खाली घातल्या. मी तिथंच बसून चहा पीत होते. बघत होते. एका शब्दानं बोलले नाही, कारण डोक्यात काही आलंच नाही. गोणी नेऊ नका असं मोठ्यानं म्हणणारी मीच.

आठव्या दिवशी तिच्या गावचा एक मुलगा बाजाराला आला होता, त्याच्या हाती निरोप आला. तायच्या कोंबड्या मान वाकडी करतायत, या.

मी गेले तेव्हा सहा मेल्या होत्या. ताय पडवीत बसली होती आणि मांडीवर एक काळी कोंबडी घेऊन तिच्या चोचीत कांद्याचा रस आणि हळद घालत होती. कोंबडीची मान पाठीवर वळलेली. ताय ती हळूच सरळ करायची आणि ती परत वळायची. खुराड्याच्या तोंडाला माझी गोणी होती. त्यावरच्या छापील अक्षरांकडे बघितलं. सगळं एका क्षणात कळलं. लस, खाद्य, गोणी, टेम्पो.

मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं. पण तायच आधी बोलली. "देवीचा मान मी ठेवून घेतला. तांबडा तिला बोललेला व्हता. भगतानं पन तेच सांगितलं."

मागे दारात तिची जाऊ उभी होती. दोन शेजारणी होत्या, त्यांच्याही कोंबड्या शिंकायला लागल्या होत्या. त्यांच्यासमोर मी कसं सांगू, की हे माझ्या शेडमधून आलं? गावात बोभाटा होईल, व्यापारी पिल्लं द्यायचा नाही, असं मी त्या वेळी मनाशी म्हटलं. खोटं कशाला बोलू, ते कारण नव्हतंच. मला तायचं तोंड बघायचं नव्हतं, ते कळल्यानंतरचं. मी एवढंच म्हटलं, "ह्या गोनी घान झाल्यात, जाळून टाकते." आणि मागं नेऊन जाळल्या. चोरानं पुरावा जाळावा तशा.

बारा दिवसांत बावीसच्या बावीस गेल्या. तांबडा सगळ्यात शेवटी. तायनं त्याला देवीच्या वाटेवर खड्डा करून पुरला आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं.

एवढं होऊनही तिनं चूल लगेच सोडली नाही. पावसाळाभर ती लावणीच्या मजुरीला गेली, रानात जाऊन भाज्या आणल्या, अळंबी विकली. भाद्रपदात तिला ताप आला. महिनाभर अंगात राहिला. दीर औषध आणायचा, जाऊ पेज करून द्यायची. त्यांनी केलं, नाही असं नाही. ताप उतरल्यावर ताय उठली आणि जावेच्या चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसली. खाल्ल्याचं उतराई व्हायला नको? ती तिथून परत पडवीत गेलीच नाही.

मी दिवाळीनंतर गेले. डालग्यात लस दिलेली बारा गावठी पिल्लं घेऊन गेले होते. या वेळी लस मी उजाडायच्या आत निघून, बर्फ बदलत आणली होती. पडवीत बघते तर चुलीच्या जागी दिराच्या खताच्या पिशव्या रचलेल्या. तो म्हणाला, "वयनी आता आमच्यातच जेवतात. बरं झालं ना? एका घरात दोन धूर कशाला?" त्यात वाकडं काही नव्हतं. त्याला खरंच बरं वाटत होतं.

तायनं पिल्लांकडे बघितलं. एक उचलून ओंजळीत घेतलं, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि परत डालग्यात सोडलं. म्हणाली, "घेऊन जा गो. देवीनं माज्या हाताला आता कोंबडी नाय ठेवली. मी पाळीन आनि परत मरतील. मुके जीव ते, त्यांनी माजं काय केलंय?"

तेव्हा सांगायला हवं होतं. ती वेळ होती. मी म्हटलं असतं की देवीचा काही संबंध नाही, मी रोग आणला, तर तिनं मला शिव्या घातल्या असत्या, कदाचित वर्षभर बोलली नसती, पण ती पिल्लं ठेवून घेतली असती. बारा पिल्लं म्हणजे सहा महिन्यांत अंडी, आणि वर्षात तिची चूल. मला हे सगळं तिथं उभ्या उभ्या दिसत होतं. आणि मी डालगं उचललं आणि फाट्यापर्यंत चालत आले. पिल्लं वाटभर चिवचिवत होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. अहो, चांगलं राहतं. मी आठ वर्षं थोपवून धरलं.

त्या आठ वर्षांत माझी शेड पाचशेची दोन हजारांची झाली. ताय जावेची पोरं सांभाळायची, पाणी भरायची, गुरं बघायची. कधी कुरकुर केली नाही. जाऊ तिला वाईट वागवायची असंही मी म्हणणार नाही. पण धाकटी जाऊ हाक मारायची आणि थोरली उठायची. मी भेटायला गेले की ताय चहा करायच्या आधी जावेकडे बघायची.

मग बचत गटांचे दिवस आले. गावोगाव बायकांची शिबिरं सुरू झाली आणि शहापूरकडच्या एका गावात कोंबडीपालनाचं शिकवायला म्हणून मलाच बोलावलं. आमच्या डॉक्टरांसारखीच मी मोठ्या आवाजात सांगत होते, पाय नको, भांडं नको, गोणी नको. मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि म्हणाली, "म्याडम, रिकाम्या गोनीनं काय व्हतं? तुमी बघितलंय काय कुठं झालेलं?"

मी म्हटलं, "नाय. ऐकलंय."

तो शब्द तोंडातून गेला आणि माझी मलाच शिसारी आली. पुढचं काय शिकवलं ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी तायकडे गेले.

ती ओट्यावर बसून सुपात वालाच्या शेंगा सोलत होती. केस पांढरे झाले होते. मी तिच्यासमोर बसले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "ताय, तुज्या कोंबड्या देवीनं नाय नेल्या. मी मारल्या."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. एसटी बंद पडली ती, कोमट लस, माझ्या शेडमधली मर, खाद्य वाळवलं ते, त्याच गोणींत भरलं ते. ती खुराड्याला गोणी बांधत होती तेव्हा मी चहा पीत होते हेसुद्धा सांगितलं. सांगता सांगता मी रडायला लागले, नाक पुसत सांगत राहिले. सगळं झाल्यावर तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"लहानपनी बी तू असंच करायचीस. माज्या हातनं हंडा पडला तर मी पाडला म्हनून आयेला सांगायचीस आनि माजा मार खायचीस."

"ताय, हे तसं नाय. हे खरं हाय."

"उनात वाळवून दिलंवतंस ना? दोन दिवस?"

"हां, पन गोनी..."

"मग? उनात वाळवलेलं कवा बाधत नाय. तांबडा मीच ठेवला. मला म्हाईत व्हतं आनि ठेवला. तू कशाला माजं घेतेस तुज्या अंगावर?"

"तो ठेव म्हनून मीच सांगितलं व्हतं."

"सांगनारा सांगतो. बोलली तर मी व्हती देवीला."

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, डॉक्टरांना घेऊन येते, त्यांच्या तोंडून ऐक. पुस्तक आणून दाखवते. ती हसली. मी तापले की हसायची तशीच. म्हणाली, "बरं बरं. पन हे आनखी कुनाजवळ बोलू नको. लोकं तुज्या शेडला नावं ठेवतील." आणि पदरानं माझे डोळे पुसले. आठ वर्षं मी तिच्या शिव्यांना भीत होते. त्या दिवशी मी शिव्यांसाठी तिच्या पाया पडायला तयार होते. एक शिवी, एक तरी. तिनं मला माफसुद्धा केलं नाही, कारण तिच्या लेखी माफ करायला काही नव्हतंच.

आतून जावेची हाक आली, "आवो बाय, भाकऱ्या थापायच्यात." दुसरी हाक यायच्या आत ताय उठली. उठताना मला म्हणाली, "जेवल्याबगर जायचं नाय."

मी जेवायला बसले. जाऊ चुलीपाशी होती, ताय वाढत होती. वालाची भाजी, तांदळाची भाकरी. मी म्हटलं, तूपण बस. ती म्हणाली, "माजं मागनं." माझी भाकरी संपत आली तशी तिनं विचारलं, आणखी एक घेशील ना? भूक कुठली, पण मी हो म्हटलं. ताय चुलीकडे वळली, आणि टोपलीला हात लावायच्या आधी जावेला म्हणाली, "हिला आनखी एक देऊ काय?"